घराखाली सादळलंय : क्रॉलस्पेस, प्लास्टिक आणि चौदा हजारांचं कोटेशन

सुपारीबाग | ११ जून

नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे आणि थोडा किळसवाणाही. जेवता जेवता वाचू नका.

दोन वर्षांपूर्वी आम्ही केरी, नॉर्थ कॅरोलिना इथे घर घेतलं. बांधकाम १९९४ चं. खाली बेसमेंट नाही, स्लॅबही नाही, क्रॉलस्पेस आहे. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो : चारी बाजूंनी ब्लॉकची बुटकी भिंत, मध्ये थोडे खांब, त्यावर लाकडी जॉइस्ट (आडव्या तुळया) आणि त्यावर आपण. मधल्या तीन फुटांच्या पोकळीत माणूस रांगतच जाऊ शकतो. खाली उघडी लाल माती. एसीचे डक्ट, पाण्याचे पाइप, वायरी सगळं तिथूनच जातं. बाहेरच्या भिंतीत जाळीचे झरोके आहेत, त्यांना इथे व्हेंट म्हणतात.

आता तक्रार. स्वयंपाकघराच्या दाराशी लाकडी फरशीच्या फळ्या कडांनी वर आल्यात आणि मध्ये खोलगट झाल्यात. डोळ्यांना फारसं दिसत नाही, पण मोजे घालून चाललं की पायाला कळतं. घरात शिरलं की वर्षभर ट्रंकेत पडून राहिलेल्या गोधडीचा वास येतो. आपल्याला सवय होते, पाहुण्यांना येतो. मे महिन्यात आई आली. पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "अरे, एसी चालू आणि तरी पापड सादळतात कसे तुमच्याकडे?"

एका कंपनीच्या माणसाला बोलावलं. फुकट तपासणी. पंचवीस मिनिटांत बाहेर आला आणि टॅब्लेटवर बुरशीचे असे फोटो दाखवले की बायकोने चहाचा कप खाली ठेवला. कोटेशन १४,२०० डॉलर. त्यात जमिनीवर आणि भिंतींवर २० मिल जाडीचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पांढरं प्लास्टिक, झरोके बंद, मोठा डिह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र). आजच सही केली तर हजार कमी.

मला प्रश्न असा की शेवटी हे प्लास्टिकच ना? दुकानात ६ मिलचा रोल दोनशेच्या आत मिळतो. मातीवर आपणच अंथरलं तर काय बिघडेल? कोणी केलंय का? बायको म्हणते सही कर, मी म्हणतो थांब. आई दोघांकडे बघते आणि पापड ओव्हनमध्ये ठेवते.

मऊभात | ११ जून

वाचतेय. पापड ओव्हनमध्ये ही आयडिया मात्र उचलली.

टवाळटोळ | ११ जून

तीन फुटांच्या पोकळीत रांगत जायचं, वर बुरशी, खाली माती, आणि त्याचे १४,२०० आपणच द्यायचे. आमच्या चाळीत जिन्याखालची खोली यापेक्षा जास्त पागडीवर गेली होती, फरक एवढाच की तिथे उभं राहता यायचं.

खडूसकाका | ११ जून

'आजच सही केली तर हजार कमी' हे ऐकल्यावर चहा न देता दारापर्यंत सोडून यायचं असतं.

बाकी मला हे अमेरिकन खूळ कळत नाही. आमचं घर राजापूर तालुक्यात, नव्वद वर्षांचं. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस. ना प्लास्टिक, ना यंत्र. जुनी माणसं वारा खेळता ठेवायची. तुमच्याकडे झरोके आहेत ना? ते मोठे करा. ओल वाऱ्याने जाते, हे शाळेतलं पोरही सांगेल.

लोलक | १२ जून

काका, राजापुरात बरोबर असेल, पण केरीत याच सल्ल्याने जॉइस्ट कुजतात. मी अटलांटात हेच काम करतो (कंपनीचा नाही, घरांची ऊर्जा-तपासणी), म्हणून जरा लांबण लावतो.

उन्हाळ्यात स्टीलच्या पेल्यात बर्फाचं पाणी ओतलं की पेला बाहेरून घामेजतो. पेला गळत नसतो, ते पाणी हवेतलं असतं. सुपारीबाग यांच्या घराखाली रोज तेच होतंय. जुलैत तिथे हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते) ७०-७२ फॅरनहाइट सहज असतो. क्रॉलस्पेस सावलीतला, जमीन गार, वरून एसीचे डक्ट आणि गार केलेली फरशी, म्हणजे आतलं तापमान ७२-७४ आणि डक्टचा पत्रा ५५-६०. बाहेरची ७२ दवबिंदूची हवा झरोक्यातून आत येऊन ७४ ला गार झाली की तिची सापेक्ष आर्द्रता ९० च्या वर जाते. डक्टला टेकली की थेट पाणीच. झरोके दुप्पट केलेत तर दुप्पट दमट हवा आत घ्याल. वाळत घातलेल्या धुण्यावर पंप चालवल्यासारखं आहे ते.

मग झरोके ठेवले कोणी? जुना कोड, म्हणजे बांधकामाचे नियम. दर १५० चौरस फूट जमिनीमागे १ चौरस फूट झरोका. एसी नसलेल्या, खाली डक्ट नसलेल्या घरांच्या काळातली ही कल्पना. आताच्या कोडमध्ये बंद क्रॉलस्पेसचा पर्याय रीतसर आहे. उघडी माती पूर्ण झाकायची, जोड किमान ६ इंच एकमेकांवर आणि टेपने बंद, कडा भिंतीवर किमान ६ इंच चढवून पक्क्या करायच्या, आणि आतली हवा कोरडी ठेवायची काही तरी सोय करायची. एसीतून थोडी हवा सोडा (दर ५० चौरस फुटांमागे मिनिटाला १ घनफूट) किंवा डिह्युमिडिफायर लावा.

हे नुसतं कागदावरचं नाही. तुमच्या रॅलीतल्याच ॲडव्हान्स्ड एनर्जी या संस्थेने प्रिन्सव्हिलमध्ये १२ घरांवर मोजमापं केली. हे तेच गाव जे १९९९ च्या फ्लॉइड वादळात बुडालं होतं. बंद क्रॉलस्पेसची घरं उन्हाळाभर कोरडी राहिली, झरोकेवाली नाही. आणि एसी-हीटिंगचा खर्च सरासरी १५ टक्के किंवा जास्त वाचला.

आता तुमचा मूळ प्रश्न. हो, ते प्लास्टिकच आहे. ६ मिल म्हणजे इंचाचे सहा हजारांश, साधारण ०.१५ मिलिमीटर. वाफ अडवायला ते पुरतं. जाड प्लास्टिकचे पैसे वाफेसाठी नसतात, फाटू नये यासाठी असतात. वर्षातून दोनदा प्लंबर आणि एसीवाला गुडघ्यांवर फिरणार, खाली दगडांची टोकं. म्हणून १०-१२ मिल घ्या. २० मिल हा मला हौसेचा मामला वाटतो.

पण अंथरायच्या आधी एक काम : पाणी येतंय कुठून ते शोधा. वाफ आणि पाणी ही दोन वेगळी दुखणी आहेत. प्लास्टिक वाफेचं औषध आहे. खाली पाणी वाहत येत असेल तर प्लास्टिकखाली डबकं होईल, एवढंच.

रानजाई | १२ जून

लोलक, सुरेख लिहिलंय. आता प्रत्यक्ष रांगलेल्या बाईकडून ऐका.

आम्ही शार्लटला, १,४०० चौरस फूट, नवरा आणि मी, तीन वीकेंड. सात वर्षं झाली, प्लास्टिक अजून जागेवर आहे.

पहिला वीकेंड नुसता साफसफाईत गेला. बिल्डरने टाकलेले विटांचे तुकडे, खिळे, एक अख्खी बाटली, कोणाच्या तरी जेवणाचा फोमचा डबा. जॉइस्टमधली गुलाबी फायबरग्लासची गादी ओली होऊन लोंबत होती, ती ओढली की तोंडावर पडते. कागदी पांढरा सूट, डोक्याला टोपी, रबरी गुडघेपट्ट्या आणि चांगला मास्क, यातलं काहीही वाचवू नका. मी पहिल्या दिवशी गुडघेपट्ट्या विसरले आणि सोमवारी ऑफिसात जिना चढताना रेलिंगला धरून 'आई गं' म्हणत होते.

दुसऱ्या वीकेंडला अंथरणं. रोल खाली नेऊन उलगडू, असं म्हणाल तर फसाल. तीन फुटांत १२ मिलचा रोल हलत नाही. आम्ही ड्राइव्हवेवर माप घेऊन तुकडे कापले, प्रत्येकावर स्केचपेनने १, २, ३ लिहिलं, साडीसारख्या निऱ्या घातल्या आणि एकेक घडी आत ओढली. मधल्या खांबांशी वेळ जातो. खांबापर्यंत सरळ चीर द्यायची, भोवती गुंडाळायचं, आणि वेगळी पट्टी कापून खांबाला गळपट्ट्यासारखी बसवायची. जोड आम्ही फूटभर एकमेकांवर घेतले.

तिसरा वीकेंड भिंतींचा. ब्लॉक तारेच्या ब्रशने घासा, नाहीतर टेप धरत नाही. आमचा पहिला कोपरा रात्रीत सुटून खाली पडला होता, सकाळी दिवा मारला तर प्लास्टिक लाजल्यासारखं मान खाली घालून बसलेलं. नंतर ब्यूटिलची दोन्हीकडून चिकटणारी टेप लावली आणि वर ड्रिल करून प्लास्टिकच्या पिना ठोकल्या. आणि हो, भिंतीच्या वरच्या कडेला ३ इंच पट्टी उघडी ठेवा! वाळवी मातीचे बोगदे करून भिंतीवरूनच लाकडाकडे चढते, तिथे नळी दिसली की पेस्ट कंट्रोलवाल्याला कळतं. सगळं झाकलंत तर तो तपासणार काय?

आमचा सगळा खर्च १,९०० च्या आसपास, डिह्युमिडिफायर धरून. त्यात नवऱ्याचा आणि माझा अबोला धरलेला नाही.

टवाळटोळ | १२ जून

'लाजल्यासारखं मान खाली घालून' 😀
साडीच्या निऱ्या घालता येणाऱ्यांनाच हे काम जमणार असेल तर सुपारीबाग, आईंना आत पाठवा.

सुपारीबाग | १२ जून

आई आत जायला तयार आहे, अडवतोय.

लोलक, रानजाई, मनापासून आभार. साप-विंचवाचं काय? हे विचारायचं राहिलं होतं.

रानजाई | १२ जून

विंचू नाही भेटला. उंच पायांच्या बिनपंखी रातकिड्यांची मात्र सभा भरलेली असते, आणि दिवा मारला की ते पळून न जाता तुमच्या अंगावर उडी मारतात. शेजाऱ्यांच्या दाराशी कॉपरहेड निघाला होता. विषारी असतो, पाचोळ्यात दिसत नाही. काठी आपटत जायचं, हात न बघता कुठेही घालायचा नाही. ब्लॅक विडो ही विषारी कोळीण कोपऱ्यात असते, काळी तुकतुकीत, पोटावर लाल खूण.

मऊभात | १२ जून

मी अपार्टमेंटमध्येच बरी आहे.

पावकिलो | १३ जून

थांबा थांबा. मी लीड्सला असते, आमचं १९०५ चं घर. फरशीखाली अशीच पोकळी आणि भिंतीत एअरब्रिक, म्हणजे हवेसाठी भोकं असलेल्या विटा. इथे सर्व्हेयरने पहिली गोष्ट बजावली ती ही की एअरब्रिक कधीही बुजवू नका. आधीच्या मालकाने बागेची माती इतकी चढवली होती की दोन एअरब्रिक गाडल्या गेल्या. परिणाम, त्या कोपऱ्यातले जॉइस्ट कुजले, पायाने दाबलं की लाकूड सुक्या केकसारखं चौकोनी तुटत होतं. माती काढली, वारा सुरू झाला, आता ठीक आहे. आणि इथे तुम्ही लोकांना झरोके बंद करायला सांगताय! कोणीतरी हे वाचून इंग्लंडात बुजवेल ना.

खडूसकाका | १३ जून

बघा. म्हटलं नव्हतं?

लोलक | १३ जून

पावकिलो, तुम्ही योग्य आहात आणि मीही. इंग्लंडात उन्हाळ्यातही दवबिंदू बहुधा ५०-५५ फॅरनहाइटच्या आसपास, म्हणजे १०-१३ सेल्सियस. घराला एसी नाही, फरशी गार केलेली नाही. तिथली बाहेरची हवा खालच्या हवेपेक्षा कोरडी, म्हणून ती ओल घेऊन जाते. इथली बाहेरची हवा खालच्यापेक्षा दमट, ती ओल देऊन जाते. वारा तोच, पण इकडे तो सासरी आलाय आणि तिकडे माहेरी.

इंग्लंडात बुजवू नका. नॉर्थ कॅरोलिनात उघडे ठेवू नका. दोन्ही लिहून ठेवतो म्हणजे पुढे कोणी धागा उकरून भांडायला नको.

धुक्यातलीवाट | १३ जून

आमचं सिअ‍ॅटल याच्या मध्ये कुठेतरी. पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा. इथे झरोके उघडेच असतात, पण मातीवर काळं ६ मिल प्लास्टिक कोडनेच लागतं. आमच्याकडे बिल्डरने टाकलं होतं, उंदरांनी त्याची चाळण केली होती. नवं टाकलं, दोघांचा एक शनिवार, वास गेला. डिह्युमिडिफायर वगैरे काही नाही.

चिरेबंदी | १४ जून

रत्नागिरीत सिव्हिलची कामं करतो. खडूसकाकांच्या घराबद्दल थोडं.

काका, तुमच्याकडे वारा खेळत होता हे खरं, पण ओल अडवली होती ती जोत्याने. घर जमिनीपासून दोन-तीन फूट उचललेलं, जोत्यात मुरूम आणि दगडाची भर. मोठ्या दगडांमधल्या फटींतून पाणी वर चढत नाही, बारीक मातीतून चढतं, दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसं. वरची जमीन शेणाने सारवलेली, ती ओल धरायची आणि सोडायची. पावसाळ्याच्या तोंडावर माडाच्या झावळ्यांची झापं बांधून भिंतीवर झड येऊ द्यायची नाही. आणि चूल दिवसभर पेटती. एवढी सगळी यंत्रणा होती, नुसता वारा नव्हता.

गंमत आता होते. पोरं मुंबईहून येतात, सारवलेल्या जमिनीवर चकचकीत लादी बसवतात. खालची ओल लादीतून वर येऊ शकत नाही, मग ती भिंतीत चढते आणि दोन पावसाळ्यांत तीन फुटांपर्यंत रंग फुगून गळतो. मालक म्हणतो रंगारी चोर. नव्या कामात आम्ही जोत्याच्या पातळीला डीपीसी (ओल अडवणारा थर) घालतो, आणि खाली सोलिंग (दगडांचा थर) करून पीसीसीच्या (साध्या काँक्रीटच्या) आधी प्लास्टिकचा कागद अंथरतो. म्हणजे प्लास्टिक आम्हीही वापरतो, काँक्रीटखाली गेल्यामुळे दिसत नाही इतकंच. त्याचे १४ हजार डॉलर घेता येतात हे मला आज कळलं. व्हिसाची काय प्रोसिजर असते?

खडूसकाका | १४ जून

चिरेबंदी, झापं बांधायची पाळी माझीच असायची. मृगाच्या आधी हात सोलवटून निघायचे. ते विसरलोच होतो. चूल पण खरी. गॅस आल्यावर माजघराच्या तुळईला पहिल्यांदा पांढरी बुरशी दिसली, आईने शेगडीवाल्याला शिव्या घातल्या होत्या.

प्लास्टिकला विरोध मागे घेतो. १४ हजारांना नाही.

अबोली | १४ जून

अवांतर : जूनमध्ये पहिल्या पावसाच्या आधी आमच्या पार्ल्याच्या घरात लादी इतकी घामेजायची की आजी म्हणायची, 'लादीला घाम फुटला, चार दिवसांत येतोय बघ.' ते लोलक यांच्या पेल्यासारखंच का? आजी हवामान खातं होती म्हणजे.

लोलक | १४ जून

अगदी तेच. लादी गार राहिलेली असते आणि समुद्रावरून दमट हवा आलेली असते. आजींचा दवबिंदूचा अंदाज पक्का होता.

डोंगरवाट | १५ जून

ॲशव्हिलहून. दोन गोष्टी कोणी बोललं नाही म्हणून.

एक, रेडॉन. हा किरणोत्सारी वायू आमच्या डोंगराळ भागात जमिनीतून येतो, वास नाही, रंग नाही. क्रॉलस्पेस बंद करण्याआधी आणि नंतर चाचणी करा, किट स्वस्त असतं. ४ पिकोक्युरी प्रति लिटर किंवा वर आलं तर उपाय करा असं ईपीए (अमेरिकेची सरकारी पर्यावरण संस्था) सांगते. आमचं ६ च्या वर निघालं. उपाय सोपा : प्लास्टिकखालून एक पाइप काढून पंख्याने छपराच्या वर सोडला. प्लास्टिक नीट चिकटवलेलं असेल तरच हे जमतं.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. खाली जुन्या पद्धतीची (घर गरम ठेवणारी) गॅसची भट्टी किंवा वॉटर हीटर असेल, जो तिथलीच हवा घेऊन जळतो, तर झरोके बंद करू नका. आधी तंत्रज्ञाला दाखवा. हवा कमी पडली तर धूर उलटा घरात येतो, कार्बन मोनॉक्साइडसकट.

सुपारीबाग | १५ जून

आमची भट्टी माळ्यावर आहे, वॉटर हीटर गॅरेजमध्ये. सुटलो. रेडॉनचं किट मागवतो.

शनिवारी आत जातोय. लाकडातली ओल मोजायचं दोन टोकांचं मीटर मागवलंय, चाळीस डॉलर. परत आलो तर लिहीन.

टवाळटोळ | १५ जून

पासवर्ड आईंकडे देऊन जा.

सुपारीबाग | २१ जून

आलो परत. सगळं सांगतो, कारण या धाग्याने माझे दहा हजार वाचवलेत असं वाटतंय.

सूट घालून, काठी आपटत, स्वयंपाकघराच्या दिशेला निघालो. सुरुवातीच्या जॉइस्टना मीटरने १५, १६, १६ टक्के ओल दाखवली. लोलक यांनी व्यक्तिगत निरोपात सांगितलं होतं की १९ च्या खाली असेल तर फार काळजी नाही. स्वयंपाकघराच्या अलीकडे १९. बरोबर खाली २४. आणि तिथे जमिनीवर एक करडा, मऊ, गुडघाभर ढीग. दिवा मारला तर वाटलं एखादं जनावर मरून पडलंय. काठीने ढोसलं, काठी आत गेली. पिंजाऱ्याच्या दुकानात असतो तसा कापूस!

वर बघितलं. कपडे वाळवायच्या ड्रायरचा पाइप भिंतीबाहेर जायला हवा, तो जोडातून निसटून खाली लोंबत होता. म्हणजे आमच्या (आणि आधीच्या मालकांच्या) प्रत्येक धुण्यातलं पाणी, गरम वाफ होऊन, स्वयंपाकघराच्या फळ्यांवर जात होतं. दोन मुलं, आठवड्याला पाच-सहा घाणे. हिशेब करा.

तो फुकट-तपासणीवाला माणूस याच ढिगाच्या पाच फुटांवर उभा, म्हणजे बसलेला होता. त्याच्या फोटोत तो ढीग कोपऱ्यात दिसतो सुद्धा. कोटेशनमध्ये त्याचा उल्लेख नाही.

बाहेर येऊन घराला चक्कर मारली. त्याच कोपऱ्यावर पन्हळीचा पाइप भिंतीपाशीच पाणी ओततोय आणि जमिनीचा उतार घराकडे.

लोलक | २१ जून

हा ढीग धाग्याच्या मथळ्यात टाका. दहातल्या दोन-तीन घरांत मला हेच सापडतं. तो कापूस आधी पिशव्यांत भरून बाहेर काढा, आगीला आमंत्रण असतं. पाइप पत्र्याचा घ्या, फॉइलच्या टेपने जोडा, स्क्रू नको, स्क्रूच्या टोकाला कापूस अडकत जातो.

पन्हळीचं पाणी पाइपने लांब न्या, आणि माती अशी ओढा की पहिल्या १० फुटांत ६ इंच उतार घरापासून दूर होईल. मग महिनाभर थांबा. मग प्लास्टिक.

खडूसकाका | २१ जून

म्हणजे चोर घरातच होता. दर धुण्याला.

मऊभात | २२ जून

आत्ता उठून आमच्या ड्रायरच्या मागे बघून आले. आहे जागेवर. हुश्श.

रानजाई | २२ जून

सुपारीबाग, महिनाभर थांबा हे ऐका. आम्ही थांबलो नाही, एक पाइप ठिबकत होता, तो प्लास्टिक टाकल्यावर सापडला. प्लास्टिकवर चढलं की खालचं पाणी पिशवीत भरल्यासारखं हलत होतं.

सुपारीबाग | ९ सप्टेंबर

धागा वर आणतोय.

ड्रायरचा पाइप ३५ डॉलर. पन्हळीला १२ फुटांचा काळा पाइप. एका ट्रकभर मातीने उतार बदलला, त्यात शेजारच्या मेक्सिकन काकांनी स्वतःहून फावडं आणलं. जुलैच्या शेवटी स्वयंपाकघराखालचं मीटर २४ वरून १९ वर आलं, पण हवेची आर्द्रता ८८ च्या खाली काही उतरेना. म्हणजे फळ्यांचं दुखणं ड्रायरचं, पण वास झरोक्यांचा आणि मातीचा. मग ऑगस्टमध्ये १२ मिलचं पांढरं प्लास्टिक. रानजाईंची निऱ्यांची पद्धत आईला दाखवली, तिने ड्राइव्हवेवर बसून सगळ्या घड्या घालून दिल्या, एकही चुकली नाही. मी आणि मेव्हणा आत. चार दिवस गेले. खांब सतरा होते, अकराव्या खांबाला मेव्हण्याने विचारलं की घर विकायचं का.

झरोके फोमचे तुकडे कापून आतून बंद केले. डिह्युमिडिफायर ५० वर लावलाय, त्याचं पाणी पाइपने बाहेर. विजेचं बिल महिन्याला वीस-पंचवीस डॉलरने वाढलं. एसी थोडा कमी चालतोय असं वाटतं, पण एका उन्हाळ्यावर छातीठोक सांगत नाही. रेडॉन १.३ आला. एकूण खर्च २,६०० च्या जरा वर, निम्मा डिह्युमिडिफायरचा.

आत्ता खाली आर्द्रता ५३, लाकूड १४. वास गेला. फळ्या बऱ्याच बसल्या, दोन अजून पायाला लागतात.

पावकिलो | ९ सप्टेंबर

अभिनंदन! आणि एअरब्रिकवाल्यांनी हे घरी करून बघू नये, पुन्हा एकदा.

चिरेबंदी | १० सप्टेंबर

पापडांचं काय झालं?

सुपारीबाग | १० सप्टेंबर

आई जुलैअखेर परत जाणार होती, प्लास्टिक बघायला थांबली. जायच्या आदल्या दिवशी पापड तळायच्या आधी कानाशी धरून मोडला. काही बोलली नाही. माझ्याकडे पाहून मान हलवली.

सुपारीबाग | १८ मे

छोटं अपडेट. हिवाळा आणि वसंत ऋतू पार पडला, खाली ४८ ते ५४ मध्येच राहिलं. आई परत आलीय. उरलेलं १२ मिलचं पांढरं प्लास्टिक गॅरेजमध्ये होतं, ते तिला सापडलं. धुऊन, पुसून, डेकवर अंथरून तिने त्यावर चार किलो गव्हाच्या कुरडया घातल्यात. खारीला हाकलायला मी खुर्ची टाकून बसलोय.

लोलक | १८ मे

अहो, ते अन्नाला लावायचं प्लास्टिक नव्हे! आईंना म्हणावं धोतर अंथरा, नाहीतर जुनी सुती साडी.

सुपारीबाग | १८ मे

उशीर झाला. पहिला घाणा तळून झाला.

टवाळटोळ | १८ मे

फुलल्या का?

सुपारीबाग | १८ मे

चौपट.